पोटाला विचारणाऱ्या बाई

गेल्या वर्षी, गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची आरती झाल्यावर, ग्रामदेवतेच्या सभामंडपात आमच्या गावाने मनाच्या बाईंना माफी मागायला लावली. हे मी सगळ्यात आधी सांगते, कारण गावात आता ते कुणालाच नीट आठवत नाही. विचारलं तर म्हणतात, "कधी गो? आमी तवा मागं बसलेलो." सगळेच मागे बसलेले होते. पुढे बाई एकट्या होत्या.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारलीच नाही. कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या, म्हणून मनाच्या बाई. कुणीतरी थट्टेने ठेवलेलं हे नाव असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा कुंपणावरून ओरडायचा, मनाच्या बाई हायत काय घरात.

बाईंची लकब अशी, की काहीही विचारलं तरी उत्तर देण्याआधी उजवा तळहात पोटावर ठेवायच्या, नाभीच्या जरा वर, आणि क्षणभर गप्प राहायच्या. नवख्याला वाटायचं, बाईंना पित्त झालंय. माझ्या काकीने पहिल्याच भेटीत त्यांना आमसुलाचं सार पाजलं. बाईंनी ते मुकाट्याने संपवलं, वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "पित्त नाही हो. तुम्ही विचारलंत ना, इथे करमेल का म्हणून? ते पोटाला विचारत होते." त्या गेल्यावर काकी कितीतरी वेळ हसत होती. मग वाटी विसळता विसळता तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवून पाहिला. मी पाहिलं ते.

बाईंचे यजमान पोफळी गावच्या वीजघरात होते, त्यामुळे संसार तिथल्या कॉलनीत झाला. पुढे त्या रत्नागिरीत शिकवायला लागल्या. यजमान गेले, मुलगी बंगळूरला गेली, निवृत्ती आली, आणि बाईंनी पूर्णगडच्या अलीकडे आमच्या गावात, सड्याच्या पायथ्याशी, दोन खोल्या आणि मागे पडवी असलेलं घर घेतलं. लोकांना वाटलं, आता ह्या कलमं लावणार. बाईंनी एक झाड लावलं नाही. त्या ऐकायला आल्या होत्या.

माणूस विचार करतो तेव्हा त्याच्या भावना काय करत असतात, हा त्यांचा विषय. आयुष्यभर त्याच्याच मागे होत्या. बुद्धी शहाणी आणि भावना वेडी, एकीने दुसरीला धाकात ठेवायचं, ही आपली सगळ्यांची समजूत. बाईंना ती ऐकवत नसे. म्हणायच्या, "भात शिजल्यावर त्यातलं पाणी वेगळं काढून दाखव मला. मग मी विचार आणि भावना वेगळ्या काढून दाखवते."

आता मी कोण ते सांगते. मी सड्यासाठी भांडते. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. पावसाचं पाणी तिथे मुरतं आणि खाली आमच्या विहिरींना येतं. सडा गावकीचा आहे, आणि एका कंपनीला तो चिरेखाणीसाठी हवा आहे. बदल्यात देवळाचा जीर्णोद्धार करून देतो म्हणतात. सडा कापून देऊळ बांधायचं. मी पत्रकं काढते, सभा घेते, अर्ज घेऊन कचेऱ्यांत उभी राहते. गावातली निम्मी माणसं मला टाळतात आणि उरलेली समजूत घालतात.

बाईंशी ओळख झाली ती पत्रकामुळे. माझं पहिलं पत्रक घेऊन त्यांच्या पडवीत गेले. विहिरी कोरड्या पडतील, गुरं तडफडतील, पोरंबाळं देशोधडीला लागतील, असा सगळा मजकूर. बाईंनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं. त्या पोटावर हात ठेवून ऐकत होत्या.

"आवळलं," म्हणाल्या.

मला आनंद झाला. म्हटलं, मग लागू पडलं की.

"अगं, पोट आवळलं की माणूस काय करतो? दार लावून घेतो. तुला त्याने दार उघडून बाहेर यायला हवंय ना?"

मी वाद घातला. घाबरल्याशिवाय लोक जागे होत नाहीत, असं मला चळवळीच्या शिबिरात शिकवलेलं. बाईंनी शिबिराला नावं ठेवली नाहीत. एवढंच विचारलं, की सड्यावर तुझं स्वतःचं काय आहे. मी म्हटलं, कातळातलं तळं. मी तिथे पोहायला शिकले. माझा बाप तिथेच शिकला, आणि मुंबईला गेलेल्या आमच्या सगळ्या काकांनी पहिल्यांदा नाकातोंडात पाणी घेतलं ते तिथेच. बाई म्हणाल्या, "हे लिही." लिहिलं. त्या पत्रकानंतरच्या सभेला मला टाळणारी माणसंसुद्धा आली. सभेत विहिरींवर थोडंच बोलणं झालं, बाकी वेळ कोण कुणाच्या जिवावर पोहायला शिकला ह्यावर भांडण. पण आली.

त्यांच्याबरोबर एकदा तालुक्याच्या कचेरीत गेले होते. तिथल्या साहेबांनी मला नेहमीचं ऐकवलं, भावना बाजूला ठेवा आणि मुद्द्याचं बोला. मी उसळणार तेवढ्यात बाईंनी अगदी अदबीने विचारलं, "कुठे ठेवू साहेब? जागा दाखवा." साहेब गोंधळले आणि चक्क बाजूच्या खुर्चीकडे बघायला लागले. बाई म्हणाल्या, "ह्या मुलीला त्या सड्याचं काही वाटत नसतं, तर कुठला मुद्दा मोठा आणि कुठला बारीक, हे तिला कळलं कसं असतं? तुम्हालाही आता माझा राग आलाय, म्हणून तर तुम्ही माझं नीट ऐकताय." साहेबांनी चहा मागवला. अर्जाचं काही झालं नाही. चहा चांगला होता.

आता कुणाला वाटेल, पोट सांगेल तेच खरं, असं बाईंचं म्हणणं. अजिबात नाही. एकदा पत्रक दाखवायला गेले तर दाढेला लवंगेचं तेल लावून बसल्या होत्या. पत्रकाला हात लावला नाही. म्हणाल्या, "आज नको. आज तुझं लिहिणं मला वाईटच वाटणार, आणि दोष असणार दाढेचा." कॉलेजात असतानाही डबा बिघडला की त्या दिवशी पेपर तपासायच्या नाहीत. सहकारी त्यांना हसायचे. बाई म्हणायच्या, पोट खोटं बोलत नाही, पण कशाबद्दल बोलतंय ते सांगत नाही. ते आपल्याला शोधावं लागतं, आणि तेवढ्यासाठी डोकं दिलेलं आहे.

आमच्या गावात त्या शोधत होत्या ते कौलाबद्दल. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे मोठा निर्णय घेताना देवाला विचारतात. गुरव गाऱ्हाणं घालतो आणि मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, जमीन, नवी होडी, सगळं असं विचारलं जातं. देव खरंच बोलतो का, ह्यात बाई कधी शिरल्या नाहीत. आमच्या चळवळीतल्या एकाने त्यांना डिवचलं होतं, तर म्हणाल्या, "देव काय म्हणाला ते गुरवाला विचार. मी माणसांना विचारते."

त्या घरोघरी जायच्या, चुलीपाशी बसायच्या, परवानगी घेऊन बोलणं फोनमध्ये टिपून घ्यायच्या, आणि प्रश्न एकच, "कळी पडली त्या क्षणी पोटात काय झालं?"

पूर्णगडहून मासळी घेऊन येणारी मावशी सगळ्यात आधी बोलली. तिच्या मुलीला स्थळ आलेलं, घर चांगलं, मुलगा बोटीवर. मावशी गावभर सांगत होती, मला पसंत आहे म्हणून. कौल लावला, उजवा पडला. आणि मावशीला रडू फुटलं.

"लोक म्हनले, आनंदाचा हाय," मावशी बांगडे निवडत सांगत होती. "आनंदाचा कुठला ओ बाई. माजा जीव खाली गेला. तवा कळलं मना, की नको होतं मना ते. त्याच्या आधी म्हायतीच नव्हतं."

"मग?"

"मग काय. गुरवाला म्हनलं, देवाला परत विचार, आयशीला नीट ऐकू नाय आलं."

कौल पुन्हा लावता येतो. आमच्याकडे त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मुलगी पुढे नर्स झाली. मावशी गेल्यावर बाई पडवीत येरझाऱ्या घालायला लागल्या, इतक्या खूश. मला म्हणाल्या, "बघितलंस? रडू आधी आलं. पण ते रडू म्हणजे वेडेपणा नव्हता. तिने जे काही वर्षानुवर्षं पाहिलेलं, समजलेलं, ते सगळं त्या रडण्यात होतं. फक्त शब्द मागून आले." मग मावशीने ठेवलेल्या बांगड्यांकडे बघत म्हणाल्या, "हे साफ करायला मला येत नाही हं." काकीने करून दिले.

अशी माणसं बोलत गेली. आधी बायका, मग म्हातारे, मग मुंबईहून सुट्टीला आलेले पुरुषसुद्धा. लोकांना सवय झाली. आठवडाबाजारात एकमेकांना चिडवायचे, भाव ऐकून पोटात काय झालं सांग.

आणि मग तो दिवस.

गणपतीला चाकरमानी आलेले असतात, गाव भरलेला असतो, म्हणून सड्याचा कौल तेव्हाच लावायचं गावकीने ठरवलं. मी बोलायला उभी राहिले, तर आधी देवाला विचारू मग तुला, असं सांगून मला बसवलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. सडा खाणीला द्यायचा असेल तर उजवा दे. कळ्या लावल्या. मंडपात पंख्याचा आवाज तेवढा.

उजवा पडला.

आमच्याकडे अशा वेळी सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत ह्याच माणसांच्या आवाजाने घरांची कौलं हलली होती. त्या दिवशी तो शब्द असा निघाला, जसा आजाऱ्याने अंथरुणातून म्हणावा. पुढच्या रांगेतून थोडा, मागून तोही नाही. कुणी उठेना. माझी काकी पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

खांबापाशी बसलेल्या बाईंचा हात पोटावर गेला. त्या उठल्या. मला अजून वाटतं, त्यांना ओढून खाली बसवायला हवं होतं. पण कुणाच्या लक्षात यायच्या आत त्या बोलून गेल्या होत्या. तोच प्रश्न, चुलीपाशी विचारायचा तसा, त्याच साध्या आवाजात.

"उजवा पडला, तेव्हा पोटात काय झालं? एकेकाने सांगा ना."

ही त्यांची चूक, असं गाव म्हणतं. मी म्हणते, एवढीच त्यांची चूक, की जे आपण घरात मोकळेपणी सांगतो ते चारचौघांत देवासमोरही सांगू, असं त्यांना वाटलं. त्या आमच्या गावातल्या असत्या तर त्यांना असं वाटलंच नसतं.

मोठे मानकरी उभे राहिले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मोठ्याने बोलायची त्यांना गरज नसते. "बाई, देवाचा कौल झाल्यावर तुम्ही माणसांचा कौल घेताय?"

बाई म्हणाल्या, "देवाला मी काही विचारलं नाही अण्णा. ह्यांना विचारतेय."

मग सगळा मंडप एकदम बोलायला लागला. ज्या माणसांना शब्द फुटत नव्हता त्यांना शब्द सापडले. बाहेरची बाई. देव मानत नाही. आमच्यावर प्रयोग करते. फोनमध्ये भरून कुठे पाठवते देव जाणे. मला विचाराल तर त्या गळ्यांमध्ये जे अडकलं होतं ते खाणीबद्दल होतं, आणि निघालं ते बाईंवर. मी उठून ओरडले. काकीने माझी ओढणी खेचली, आणि बाईंनी लांबूनच हात खाली दाबून मला बस म्हणून खुणावलं.

नारळ ठेवा आणि चुकलं म्हणा, असं ठरलं. कुणीतरी नारळ आणून त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो देवापुढे ठेवला. हात जोडले आणि म्हणाल्या, "इथे विचारायला नको होतं. चुकलं." तेव्हा पोटावर हात ठेवला नाही. पहिल्यांदाच.

मी हे लिहितेय ते ह्याच्या पुढच्यासाठी.

दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या मागच्या दाराला माणसं यायला लागली. पुढच्या दाराला नाही, मागच्या. पडवीत कुणी आमसुलं ठेवायचं, कुणी सोललेला नारळ, मावशीने तर सुरमईचे तुकडे साफ करून आणले. मी तिथेच असायचे, स्वयंपाकघरात. सगळ्यांचं बोलणं एकच. बाई, वाईट वाटून घेऊ नका. बाई, तुमचं बरोबर होतं. माझ्या पण छातीत धस्स झालं ओ. माझ्या पण पोटात गोळा आला. काकी आली. भांडी घासून दिली आणि गेली.

आणि एका सकाळी अण्णा आले. मागच्याच दाराने. चप्पल हातात घेऊन, ओल्या परसातून. मी आतल्या खोलीत होते. बाईंनी पाट दिला. अण्णांनी चप्पल पाटाशेजारी ठेवली. मग म्हणाले, "कळी पडली न बाई, तवा मना माजा बापूस दिसला. तळ्याच्या काठाला उभा. मना पाण्यात ढकललंन होतं त्याने, तसा."

बाई म्हणाल्या, "हे तिथे सांगाल?"

"तिथं मी नसतो ओ. तिथं मानकरी असतो."

बाईंनी मान हलवली. जाताना अण्णांनी खिशातून काजूचे चार बोंडू काढून चौकटीत ठेवले, वाळलेले, बियांसकट. लहान मुलाने ठेवावेत तसे.

मला वाटलं, आता बाई पेटून उठतील. माणसांनी जे सांगितलंय ते सगळं बाहेर काढतील. त्यांनी काय केलं? टिपलेलं सगळं बोलणं घेऊन घरोघरी गेल्या. पुन्हा पुढच्या दाराने. प्रत्येकाला विचारलं, तुम्ही मला सांगितलंत ते मी ठेवू का, की पुसू? तुमचं आहे, तुम्ही म्हणाल तसं.

लोक इकडेतिकडे बघायचे. मग म्हणायचे, पुसा बाई. उगाच कशाला. बाई त्यांच्यासमोर फोन धरून, दाखवून, पुसायच्या. मावशीचं ते रडण्याचं बोलणंही गेलं. मावशी त्या वेळी टोपली उचलत होती, वर बघितलं नाही.

मी त्यांच्याशी भांडले. इतक्या वर्षांचं काम. म्हटलं, तुम्हीच सांगता ना, पोट आवळलं की माणूस दार लावून घेतो? हे सगळे घाबरून पुसा म्हणतायत. तो काही त्यांचा विचार नाही.

बाई पायरीवर बसल्या. हात पोटावर. ह्या वेळी खूप वेळ लागला.

"घाबरलेच आहेत. पण घाबरलेल्या माणसाचा नकार धरायचाच नाही, असं मी ठरवलं, तर माझ्यात आणि त्या खाणवाल्यात फरक काय राहिला?"

मला त्याचा अजून राग आहे. पण तो बाईंवर नाही.

त्यानंतर त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं. लोकांकडे जात, बसत, हवापाण्याचं बोलत. पत्रक घेऊन गेले तर वाचायच्या, छान आहे म्हणायच्या. मला छान नको होतं. दाढ दुखतेय म्हणून वाचत नाही म्हणणारी बाई मला हवी होती. एकदा मी मुद्दाम भयंकर पत्रक लिहून नेलं, पहिल्यासारखं, पोरंबाळं देशोधडीला. त्या म्हणाल्या, बरं झालंय.

पौषात त्या गेल्या. हृदयाचं दुखणं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. रत्नागिरीच्या दवाखान्यात दोन-चार दिवस होत्या. मुलगी आली, सगळं उरकून, घराला कुलूप लावून गेली. गाव हळहळला. फार चांगली बाई हो. पुढच्या दाराला येऊन सगळे हळहळले, तेव्हा कुलूप होतं.

परवा मी त्या घरावरून गेले. सहज मागच्या बाजूला जाऊन पाहिलं. पडवीत, बंद दाराच्या चौकटीला टेकवून, कुणीतरी नारळ ठेवलेला आहे. सोललेला, शेंडीचा. ताजा आहे. म्हणजे अजून कुणीतरी येतं. अजून मागच्याच दाराने येतं, आणि जी ऐकायला नाही तिला सांगून जातं.

कुणी ठेवला मला माहीत नाही. काकी म्हणते, मी नाही. तिला मी विचारलं नव्हतं.

आता गावातल्या माणसांना सांगते, तुम्ही जे हे वाचताय त्यांना. करारावर गावकीच्या सह्या अजून झालेल्या नाहीत. शिमग्याची पालखी देवळात परत आली की त्याच मंडपात बैठक आहे. कौल पुन्हा लावता येतो, हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मासळीवाल्या मावशीने मुलीसाठी ते केलं. तुम्हाला सड्यासाठी करता येईल. पण त्याआधी बाईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल, आणि ते पडवीत देऊन चालणार नाही.

तो नारळ उचला. ज्याने ठेवला त्यानेच उचला. पुढच्या वाटेने मंडपात आणा, अण्णांच्या समोर, तुम्ही स्वतः अण्णा असाल तर सगळ्यांच्या समोर, बाईंनी ठेवला होता तिथेच ठेवा. मागे बसू नका. पोटावर हात ठेवून उभे राहा, आणि उजवी कळी पडली तेव्हा आत काय झालं ते मोठ्याने सांगा.